तीन सेकंदांची लादीन

अरे ऐका ना. सुशांत, तो वडा आधी संपव, नाहीतर मधेच हसशील, ठसका लागेल आणि नाव माझं घेशील. आणि ऋतिका, तू दर वाक्याला 'मग?' करू नकोस, मी सांगतेच आहे, माझ्याच पोटात राहत नाहीये ते.

तर आमच्या ऑफिसात माझ्या बाजूला किम्बर्ली बसते. हां, तीच, ख्रिसमसनंतर ते गोल गोल फुगे घेऊन आलेली, गोडसर पावासारखे, तू पाच खाल्लेस. साकीनाक्याला खाली बेअरिंगवाला, वर आम्ही, पुस्तकं वाचायच्या मशीनसाठी ॲप बनवतो. ई-रीडर रे. वहीएवढं असतं, स्क्रीन कागदासारखी मळकट पांढरी, मोबाईलसारखी डोळ्यात लाइट मारत नाही. मी कोड लिहिते आणि किम्बर्ली तो कुठे कुठे फुटतो ते शोधते. ती मनापासून शोधते, हे पण सांगून ठेवते.

किम्बर्ली राहते मरोळच्या गावठाणात. तिथली जुनी ख्रिश्चन माणसं, घरात मराठीच, पण आपल्यासारखं नाही, थोडं आगरी लोकांसारखं. गल्लीच्या मधोमध दगडी क्रॉस आहे, त्याला ते खुरीस म्हणतात. मे महिन्यात त्या खुरसासमोर लादीन असते. म्हणजे संध्याकाळी अख्खं गावठाण जमतं, एक माणूस पुढे उभा राहतो, प्रार्थना म्हणतो, मग एकेका संताचं नाव घेतो, खूप नावं असतात, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. मी घरी आईला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे आमच्या गाराण्यासारख्याच मा गो ता." आई कोकणातली, तिकडे देवापुढे सगळ्यांच्या वतीनं एक जण गाराणं घालतो ना, ते. मी म्हटलं हो हो, तसंच. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तर तो पुढे उभा राहणारा माणूस म्हणजे किम्बर्लीचे ग्रँडपा, इसिडोर अंकल. गेली कित्येक वर्षं तेच. आणि त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून पुस्तकाची पानं उलटणार त्यांची बायको, एथेल आंटी. दोघांचा नियम असा, की तिने पान उलटलं की पुढे जायचं, नाही उलटलं तर तिथेच थांबायचं. अंकल मान वर करून बघतसुद्धा नाहीत.

आता अंकलचे डोळे गेलेत. पूर्ण नाही, पण मधला भाग धूसर झालाय, कडेकडेनं दिसतं. बारीक अक्षर तर नाहीच. मग ख्रिसमसला काय झालं, सगळे जेवायला बसलेले, आणि एथेल आंटी पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "याला आता दिसत नाय. लादीन डेन्झिलला द्या."

डेन्झिल म्हणजे अंकलचा पुतण्या. कीबोर्ड वाजवतो, बरा आहे पोरगा, व्हिलन वगैरे नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की तरुण पोरं येत नाहीत, लादीन इंग्लिशमध्ये करू, पडद्यावर शब्द दाखवू, पंधरा मिनिटांत आटपू. पण बायकोनं भर पंगतीत असं बोलायचं म्हणजे! अंकलनी हातातला चमचा ठेवला आणि त्या दिवसापासून एथेल आंटीशी बोलणं बंद. मग आंटीनी पण बंद केलं. एकाच घरात! किम्बर्ली मधे. "किम, त्याला सांग, जेवायला ये." "किम, तिला सांग, भूक नाय." तीन फुटांवर बसलेले असतात दोघं.

"मग पानं कोण उलटणार?"

तेच ना ऋतिका! आंटीनी सांगून टाकलं, मी उलटणार नाय. अंकल म्हणाले, किम, तिला सांग, तिची गरज पण नाय. आणि गावठाणातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, की या वर्षी इसिडोरबाबाला एक चान्स देऊ. नीट झालं तर तोच. अडखळला तर डेन्झिल तिथल्या तिथे पुढे घेईल आणि मग कायमचा तोच. अंकलचं बाकी काही नाही रे जगात. रिटायर झालेत, मासे आणायला जातात, परत येतात. वर्षातून एक संध्याकाळ अख्खं गावठाण त्यांच्या मागे बोलतं, तेवढंच.

तर किम्बर्ली मला म्हणाली, "श्रुतिका, यार, एक मशीन दे ना, मोठ्या अक्षरांचं, आपोआप पान उलटणारं."

सुशांत म्हणेल, एवढी वर्षं म्हणतायत, पाठ नाही का? म्हणणारच होतास ना? मी पण विचारलं. अंकल माझ्यावर असे वैतागले! म्हणाले, पोरी, लादीन वाचायची असते, पाठ नाय म्हणायची. पाठ म्हटलं की एखादा संत राहतो. तिथे ज्याचं नाव ज्या संतावरून, तो त्या संताची वाट बघत उभा असतो. म्हणे एका वर्षी बाजूच्या गावठाणात एकाने पाठ म्हटली, सेबास्टियन राहिला, आणि तीन घरांनी चण्यांना हात लावला नाही.

सौरभ सरांना विचारून मी ऑफिसातलं एक जुनं मशीन घेतलं. कोपऱ्यात चीर आहे त्याला, टेस्टिंगलाच पडलेलं असतं. किम्बर्लीनी प्रार्थनेचं पुस्तक आणलं, ते मी सगळं टाइप केलं. स्क्रीनवर एका वेळी प्रार्थनेची एकच ओळ, नाहीतर एकच नाव, बोटाएवढं अक्षर. आणि दर थोड्या वेळानी स्क्रीन आपोआप बदलायची. सोप्पं.

सोप्पं कसलं, वाट लागली. मी घाईत काय केलं, मेन थ्रेडलाच झोपवलं.

"थ्रेड म्हणजे?"

हे बघ, तो गुणाजी दिसतोय ना गाडीवर? तोच तळतो, तोच पाव कापतो, तोच चटणी लावतो, तोच तुझ्याशी मॅचबद्दल बोलतो. तो मेन थ्रेड. आता त्याला सांग, तीन सेकंद कढईकडे बघत उभा राहा, अजिबात हलू नकोस, मग वडा काढ. मग परत तीन सेकंद. गिऱ्हाईक ओरडतंय, 'ए दोन दे, ए दोन दे', आणि हा आपला पुतळा. माझं ॲप तसं झालं. स्क्रीन गोठली आणि मशीननी पाटी लावली, की हे ॲप मेलंय, बंद करू का? किम्बर्ली जाम खूश. तिला फुटलेलं काही सापडलं की ती खूशच असते.

मग मी डोकं लावलं. मोजायचं काम मागे दिलं, बॅकग्राउंड थ्रेडला. म्हणजे गुणाजीचा भाऊ मागे उभा, तो फक्त तळण बघतो. पण मी शहाणीनी त्या भावालाच सांगितलं, की वेळ झाली की तूच जाऊन स्क्रीन बदल. म्हणजे गुणाजी पुढे वडा देतोय, आणि मधेच भावाचा हात, दोघांचे हात एकमेकांत, चटणी खाली. ॲप धाडकन बंद. कारण नियमच आहे तो, स्क्रीनला हात फक्त मेन थ्रेडनी लावायचा. मागच्यानी फक्त कानात सांगायचं, 'झालं रे.' पुढचा करेल त्याच्या सवडीनी.

तिसऱ्यांदा बरोबर बसलं. मागचा मोजतो, पुढच्याला टोकतो, पुढचा स्क्रीन बदलतो. एकदम झकास. अजून एक कटकट होती, त्या कागदी स्क्रीनवर जुनं अक्षर पुसट मागे राहतं, पाटी नीट न पुसल्यासारखं. त्यासाठी मधून मधून पूर्ण स्क्रीन काळी करून परत पांढरी करावी लागते. मशीन एकदा डोळा मिटून उघडतं तसं.

रविवारी दुपारी मी ते घेऊन मरोळला गेले. किम्बर्ली नेमकी चर्चच्या कसल्या तरी मीटिंगला. घरात अंकल, मी, आणि आत स्वयंपाकघरात एथेल आंटी कोलंबी सोलतायत. मी मशीन त्यांच्यासमोर धरलं. ते आधी एका बाजूनं बघतात, मग दुसऱ्या बाजूनं, कोंबडी बघते ना तसं. आणि एकदम ओरडले, "मना दिसतं गो! सगलं दिसतं!"

मग थांबेचनात. एक नाव, पुढचं नाव, पुढचं. वेग ठरवायचा म्हणून मी आधी स्क्रीन हातानीच पुढे करत होते आणि मोबाईलवर वेळ मोजत होते. एका नावाला तीन सेकंद, एकदम एकसारखं, मला कौतुक वाटलं, म्हटलं काय टायमिंग आहे माणसाचं, आणि तेवढंच मशीनला लावून टाकलं. मधेच स्क्रीननी तो डोळा मिटला तर म्हणाले, "हे डोले कशाला मिचकावतं?" मी म्हटलं, "अंकल, ते असंच आहे." "लाजतं काय?" म्हणाले आणि स्वतःच हसले.

फक्त एक लफडं झालं. त्यांचा हात थरथरतो. बोट जरा स्क्रीनला लागलं की मशीनला वाटतं पान उलटा, आणि ते पाच-सहा नावं उडी मारून पुढे. एका फेरीत अख्खे अपोस्टल, म्हणजे येशूचे शिष्य, गायब. मी तिथेच बसून टच बंद करून टाकला. पूर्ण. आता हात लावा, ठोका, काही करा, ते आपलं तीन-तीन सेकंदांनी पुढे जाणार. सोमवारी सौरभ सर म्हणाले, "अगं, थांबवायचं बटण तरी ठेव." मी म्हटलं, "कशाला सर? पुस्तक संपलं की थांबेल."

हां, आणि त्या दुपारी निघताना एथेल आंटी हात पुसत दारात आल्या. मला विचारलं, "जालं?"

"हो आंटी, झालं. तुम्ही ऐकलं ना? बरोबर आहे ना?"

त्यांनी मशीनकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "चालेल." आणि आत गेल्या. जाता जाता हसल्यासारख्या वाटल्या. मला वाटलं, छान, आंटी पण खूश.

आता लादीनचा दिवस.

मी ऑफिसातून किम्बर्लीबरोबरच गेले. गल्लीत पताका, खुरसाला झेंडूच्या माळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं भिंतीवर. कोपऱ्यात गॅसवर एवढं मोठं टोप, त्यात चणे, नुकतेच चढवलेले. डेन्झिल कीबोर्ड घेऊन कडेला बसलेला, वरचं प्लास्टिक काढून, एकदम तयारीत. एथेल आंटी बायांच्या पहिल्या रांगेत, फुलाफुलांचा ड्रेस, मांडीवर कापडी पिशवी. अंकल पांढऱ्या शर्टात, केस चप्प बसवलेले, पुढे स्टँडवर माझं मशीन. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर. मला तर परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

सुरुवात भारी झाली. पहिल्या प्रार्थना सगळे एकत्रच म्हणतात, स्क्रीन बरोबर चालली होती. अंकलचा आवाज काय लागला! मागे एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, "इसिडोरला काय जालं नाय रे." किम्बर्लीनी माझा हात दाबला. डेन्झिलनी पण मान हलवली, की बरं चाललंय.

मग नावं सुरू झाली.

अंकलनी पहिलं नाव घेतलं. आणि मागून अख्ख्या गावठाणानी उत्तर दिलं.

उत्तर! म्हणजे दर नावानंतर लोक एक ओळ म्हणतात, तीच ती ओळ, लांब सूर काढून. मला काय माहीत? पुस्तकात ती ओळ फक्त सुरुवातीला एकदा छापलेली आहे, बाकी खाली नुसती नावांची रांग. मला वाटलं ते काहीतरी हेडिंग आहे. किम्बर्लीनी सांगितलं नाही, कारण तिला वाटलं हे कोणाला सांगायचं असतं का. अंकलनी त्या दुपारी ध्यानात घेतलं नाही, कारण समोर उत्तर द्यायला कोणी नव्हतंच, मी बसलेली शांत, मोबाईलवर सेकंद मोजत, शहाण्या मुलीसारखी. आणि त्यांना अक्षर दिसत होतं म्हणून ते धावत सुटलेले.

तर लोकांचा सूर संपेपर्यंत स्क्रीन पुढे गेलेली. अंकलचा तर नियम, पान उलटलं की पुढे. त्यांनी लोकांचं उत्तर संपायच्या आत पुढचं नाव घेतलं. लोकांना वाटलं, बाबा आज घाईत आहे. त्यांनी उत्तर तोडलं. तरी स्क्रीन पुढे. अंकल अजून जोरात. लोक अजून तोडतायत. आता बघा, तिथे पद्धत अशी, की पुढच्याच्या पुढे जायचं नाही आणि मागे पण राहायचं नाही. म्हणजे मशीनच्या मागे अंकल, अंकलच्या मागे गावठाण, सगळे सुटले! नाव-उत्तर-नाव-उत्तर-नाव! भिंतीवरची पोरं तर वेडी झाली, त्यांना पहिल्यांदा लादीन आवडली असेल, टाळ्या वाजवायला लागली. एका बाईला धाप लागली, ती खाली बसली. टोपापाशी उभ्या बाईनी गॅस मोठा केला, म्हणाली, "अरे चणे तरी शिजू द्या!"

हस, हस सुशांत. मी तिथे मेले होते.

मी किम्बर्लीला म्हटलं, थांबवू? ती म्हणाली, थांबव ना! मी म्हटलं, थांबवायचं बटणच नाही. तिनी माझ्याकडे अशी नजर टाकली, टेस्टिंगवाल्यांची असते ना ती. मशीन उचलून घ्यायचं, तर अंकलच्या समोर काहीच राहत नाही, म्हणजे अडखळले, म्हणजे संपलंच. डेन्झिल अर्धा उठलेला. मला त्याचं पण कळेना, उठावं का नको त्यालाच कळत नव्हतं, कारण बाबा अडखळत तर नव्हते! उलट या वेगानी बाबांनी लादीन डेन्झिलच्या पंधरा मिनिटांच्या आधीच आटपली असती. अंकलच्या मानेवर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि थांबत नाहीत. कसे थांबतील? पान उलटतंय ना.

आणि तेवढ्यात बायांच्या बाजूनी एक आवाज आला. एकच. तो घाईत नव्हता.

एथेल आंटी. बसूनच. त्यांनी ते उत्तर जसं म्हणायचं तसं म्हटलं, पूर्ण, लांब सूर काढून, शेवटचं अक्षर पण गिळलं नाही. अंकल पुढच्या नावाला पोचलेले, आंटी अजून मागच्यावरच. बाजूच्या दोन बाया आंटीबरोबर गेल्या. मग सगळी रांग. मग पुरुष. आणि मग अंकलना थांबावंच लागलं, कारण उत्तर चालू असताना नाव घेता येत नाही, आणि हे उत्तर आता काही केल्या संपेना.

अंकल थांबले. स्क्रीन थांबली नाही. एक नाव आलं, गेलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. दुसरं आलं, गेलं. मधेच स्क्रीननी डोळा मिटला, उघडला, तिसरं. अंकलनी मान वळवली आणि ख्रिसमसनंतर पहिल्यांदा सरळ आंटींकडे बघितलं. म्हणजे कडेनी बघितलं, त्यांना कडेनीच दिसतं.

सूर संपला. चण्यांचा आवाज फक्त, रटरट.

आंटी उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे, खुर्चीला धरून उठल्या. पुढे आल्या. पिशवीतून जुनं पुस्तक काढलं. म्हणजे आणलेलं! घरूनच घेऊन निघालेल्या. मला त्या दुपारचं 'चालेल' आठवलं आणि मी मनात म्हटलं, आंटी, कमाल आहे तुमची. स्टँडवरचं मशीन उचललं, माझ्या हातात दिलं, भांडं परत करतात ना तसं. आणि किम्बर्लीकडे बघून म्हणाल्या, "किम, त्याला सांग, जरा सरक."

अंकल त्यांच्यापासून हातभर.

किम्बर्ली ओरडली, "ग्रँडपा, ग्रँडमा सांगते, जरा सरक!"

सगळी गल्ली हसली. डेन्झिल पण. अंकल सरकले.

आंटी नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, उजव्या हाताला. पुस्तक उघडलं, नावांच्या सुरुवातीपासून. आणि वाकून अंकलच्या कानात हळूच पहिलं नाव सांगितलं. आम्ही मागे होतो तरी आम्हाला ऐकू आलं नाही, एवढं हळू. पाच महिन्यांत ती बाई नवऱ्याशी थेट पहिला शब्द बोलली आणि तो कुठल्या तरी संताचं नाव होता. अंकलनी तो मोठ्यानी म्हटला. लोकांनी उत्तर दिलं, पूर्ण. आंटी थांबल्या. मग दुसरं.

त्या स्वतः एकदाही मोठ्यानी नाव बोलल्या नाहीत. नुसतं कानात. अंकलचा आवाज आंटींपेक्षा बारीक आहे, कापतो, आंटी म्हणाल्या असत्या तर जास्त बरं ऐकू आलं असतं, पण नाही.

"म्हणजे तुझा तो मागचा थ्रेड!"

हो रे सुशांत, मला तिथेच कळलेलं, तू फार हुशार नाहीस. मी मशीन हातात घेऊन उभी होते आणि ते अजून चालूच होतं, माझ्याच हातात, तीन सेकंद, तीन सेकंद, एकेक संत येतोय आणि जातोय, कोणी बघत नाही. तिकडे चौथं की पाचवं नाव चाललेलं आणि इकडे माझं पुस्तक संपलं. स्क्रीन काळी झाली, पांढरी झाली, बस. मी ते पोटाशी उलटं धरून ठेवलं.

लादीन संपेपर्यंत चणे मऊ शिजले. मरोळच्या सेबास्टियनवाल्यांनी पण खाल्ले.

मग ती मोठी माणसं जमली चण्यांचे द्रोण घेऊन, आणि आता सगळ्यांचं लक्ष, की काय ठरवतात. एक जण म्हणाला, "इसिडोर अडखळला की नाय अडखळला?" दुसरा म्हणाला, "थांबला. अडखळला नाय." त्यावर जरा चर्चा झाली. मग डेन्झिलनीच कीबोर्डवर प्लास्टिक चढवलं आणि म्हणाला, "अंकल, नेक्स्ट इयर पण तुम्हीच. तुम्ही दोघं असाल तर."

अंकल चणा चावत म्हणाले, "दोघं? तिला विचार."

डेन्झिलनी आंटींकडे बघितलं. आंटी किम्बर्लीला म्हणाल्या, "त्याला सांग, गुडघे बरे असले तर."

"बरे असतील," अंकल म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. किम्बर्लीनी पुढे सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

आणि मला वाटलं, चला, अबोला सुटला. कसला सुटतो! किम्बर्ली दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगते, घरी गेल्यावर परत तेच. किम, त्याला सांग पंखा बंद कर. फक्त लादीनपुरतं ते.

घरी आईला सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, "गाराण्याक 'होय म्हाराजा' म्हणूक टायम लागता मा गो? तो खंय धरलंस?" मी म्हटलं, आई, तू आधी बोलायचं ना. "मी बोलललंय," म्हणाली. बोलली होती खरं.

मशीन त्या रात्री अंकलनी मागून ठेवून घेतलेलं, त्यासाठी मी गेल्या आठवड्यात मरोळला गेले. सौरभ सर म्हणाले होते, राहू दे त्यांच्याकडे, पण मी म्हटलं निदान ते नीट तरी करून देते, थांबवायचं बटण लावून. किम्बर्ली घरी नव्हती. अंकल ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर मशीन. त्यांनी किम्बर्लीकडून त्यात गोष्टी भरून घेतल्यात. एकटेच वाचतायत, ओठ हलतायत, ओळ येते, तीन सेकंद, पुढची ओळ.

मी म्हटलं, "अंकल, द्या, मी स्पीड कमी करून देते."

"नको गो पोरी. ह्ये बरोबर हाय. इथे कोण मागून बोलतं?"

मी बटणाचं विचारलं, ते पण नको म्हणाले. म्हटलं ठीक. मी निघणार, तेवढ्यात आतून एथेल आंटींचा आवाज आला, "पोरी, त्याला सांग, चहा थंड होतोय."

दारापासून दोन पावलांवर बसलेले अंकल. मी वळले आणि म्हटलं, "अंकल, चहा थंड होतोय."

अंकलनी मान वर केली नाही. "तिला सांग, एवढं पान झालं की येतो."

मी आत जाऊन सांगितलं.